नीतिशास्त्राचा राहिलेला पेपर

१९८८ साली मी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नीतिशास्त्र हा माझा विषय. वर्गात आम्ही मोजून नऊजण. ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणजे हे घ्यायचे’ अशी त्या विषयाची कॉलेजात ख्याती! पण शिकवणारे सर मोठे तळमळीचे. दाराशी आलेल्या मारेकऱ्यालासुद्धा खोटे सांगू नये, असे बजावणारा कांट ते शिकवीत; मग जास्तीत जास्त लोकांच्या सुखाचा हिशेब मांडणारा मिल; आणि शेवटी टिळकांचे ‘गीतारहस्य’. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ टेबलावर ठेवून सर म्हणत, “टिळकांनी या दोघा साहेबांनाही गीतेच्या पंगतीला बसवले आहे, बरे का!” तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रह शिकवताना ते रंगून जात. थोर म्हणवणारा जसा वागतो तसे लोक वागतात. म्हणून पुढाऱ्याचे वागणे ही त्याची खाजगी बाब उरत नाही, असे त्यांचे सांगणे. मी ते सारे वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत वर्गात पहिला आलो. नीती आपल्याला आली, असेच मला वाटले.

पुढे मराठीत एम.ए. झालो, शिक्षक झालो, सीमेवरच्या एका गावी मुख्याध्यापकही झालो. २०१४ साली आमचा कबड्डीचा संघ तालुक्याला जायचा होता. चढाई करणारा मुख्य गडी वयाच्या अटीहून काही महिन्यांनी मोठा निघाला. पी.टी.चे सर अर्ज घेऊन आले. जन्मतारीख ‘बसवलेली’ होती. रजिस्टर माझ्याच कपाटात होते. क्षणभर थांबलो, पण गावाची हौस, शाळेचे नाव डोळ्यांपुढे आले आणि मी सही करून शिक्का मारला. संघ जिंकला. ढाल ऑफिसात लागली.

दुसऱ्या वर्षी नववीतल्या एका मुलाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही केली. मी त्याला ऑफिसात बोलावून सत्यावर चांगले लांबलचक व्याख्यान दिले. तो मान खाली घालून म्हणाला, “आमच्या दादाचं वय तुमीच कमी केलासा की, सर.”

तो त्या गड्याचा धाकटा भाऊ होता.

रात्री झोप लागेना. गांधीजींची एक गोष्ट आठवली. १९१९ साली नडियादच्या सभेत त्यांनी आपली चूक हिमालयाएवढी असल्याचे उघड कबूल केले होते. लोकांनी त्यांची थट्टा केली. पण त्या कबुलीचा आपल्याला कधी पस्तावा झाला नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पाच वर्षांनी, १९२४ साली, याच गांधीजींनी आमच्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवले. ते अधिवेशन आम्ही अभिमानाने सांगतो. नडियाद मात्र कोणी सांगत नाही.

मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाला पत्र लिहिले, ढाल परत केली आणि प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर सारे सांगितले. संस्थेच्या बैठकीत एका सभासदाने विचारले, “चूक तुमची. बाकीच्या अकरा पोरांची प्रमाणपत्रे गेली, त्यांचा काय दोष?” कांट आणि मिल दोघेही माझ्यासमोर उभे राहिले, पण मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न पेपरात कधी आलाच नव्हता.

असो. आज एखादा विद्यार्थी कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊ का, असे विचारायला येतो, तेव्हा मी ‘जरूर घे’ म्हणतो. तो विषय शिकलो नसतो, तर त्या मुलाचे बोलणे मला उद्धटपणाचे वाटले असते आणि मी त्याला छडी मारली असती. विषयाने मला सही करण्यापासून वाचवले नाही. केलेली सही ओळखायला मात्र शिकवले.

त्या अकरांपैकी एकाचे आता स्टँडजवळ दुकान आहे. मी दिसलो की तो उठून नमस्कार करतो. ढालीचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही.