शांत या शब्दाचे ओझे

इंग्रजी शिकविण्यात आमची चौतीस वर्षे गेली, आणि तीही बऱ्हाणपुरासारख्या गावी. येथे घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी निमाडी आणि उर्दू, आणि गल्लोगल्ली यंत्रमागांची अखंड खडखड. अशा गावात मुलांना शांततेचे इंग्रजी शब्द समजावून द्यावयाचे, हा आमच्या नशिबाचा विनोदच म्हणावयाचा! 'क्वाएट'चा अर्थ सांगण्यापूर्वी आम्हांस वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत.

तरी तो धडा आमच्या विशेष आवडीचा. काम, क्वाएट, स्टिल, सायलेंट, पीसफुल या पाचांपुढे मुले निमूटपणे एकच अर्थ लिहीत: शांत. मग आम्ही खडू हाती घेत असू. बोलणे थांबले की माणूस सायलेंट. गडबड नसली की घर क्वाएट. हालचाल नसली की पाणी स्टिल. तंटाबखेडा नसला की गाव पीसफुल. येथे आमच्या मदतीला धावून येई तो कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास खोदलेल्या त्या भुयारातून चारशे वर्षे पाणी वाहते आहे. ते स्टिल मुळीच नाही, पण क्वाएट मात्र आहे. एवढे सांगितले की मागच्या बाकावरच्या मुलांच्याही माना डोलत.

राहिला 'काम'. समुद्र काम असतो, टेबल कधी काम नसते. कारण खवळण्याची शक्ती ज्याच्या अंगी आहे, त्यालाच हा शब्द शोभतो. १८०५ साली ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यातील शून्याचे नाव हेच. त्या स्थितीत धूर सरळ वर चढतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातील निवाऱ्याच्या जागी ठेवलेला दिवा ज्यांनी वाचला आहे, त्यांना याहून अधिक काय सांगावे? भाषापंडित या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत नेतात. तेथे 'कौमा' म्हणजे उन्हाची काहिली. भर दुपारी सारे व्यवहार थांबत, त्या थांबण्यावरून पुढे हा शब्द घडला म्हणतात. वैशाखात येथे वीज जाते, सारे माग एकदम थांबतात आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, तेव्हा ही व्युत्पत्ती आम्हांस अगदी घरची वाटते. गंमत अशी की देवनागरीत लिहिताच हा शब्द षड्रिपूंतील पहिल्याचे रूप घेतो! आणि 'कूल'? इंग्रजीत ती शाबासकी. आपल्याकडे 'मुलगा जरा थंड आहे' असे कानावर आले, की मुलीचे वडील दुसऱ्या स्थळाकडे वळतात.

असे हे आमचे पांडित्य. त्याचा हिशेब मागील भाद्रपदात चुकता झाला.

आमचे थोरले बंधू दादा इंदूरला असतात. त्यांना ताप भरला आणि रुग्णालयात हलवावे लागले. दोन दिवस ते बरळत होते, हाताची नळी ओढून काढीत होते. गुडघ्यांमुळे आम्हांस लगेच निघणे जमले नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन वाजला. दादांचा नातू बोलत होता. एकोणीस वर्षांचा, इंग्रजी शाळेत शिकलेला, गुणी मुलगा. तो एवढेच म्हणाला, "काकाआजोबा, आजोबा आता शांत झाले."

आमच्या हातून फोन खाली ठेवला गेला. सौभाग्यवतीने विचारले, तेव्हा तेच शब्द आम्ही उच्चारले. त्यांचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. आम्ही ट्रंक उघडली, पहाटेच्या गाडीसाठी कपडे काढू लागलो आणि दादांनी दिलेले उपरणे हाती घेऊन तसेच उभे राहिलो. राजघाटाच्या पायऱ्यांवर आम्हांस खांद्यावर घेऊन तापी दाखविणारे दादा डोळ्यांपुढे आले.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन. या वेळी पुतण्या होता. "काका, फोन मध्येच का ठेवलात? दादांचा ताप उतरला. दोन दिवसांनी आत्ता कुठे झोप लागली आहे."

आम्ही संतापाने थरथरत होतो, हे कबूल केले पाहिजे. मुलाला फोनवर बोलावून आम्ही खडसावले. तो रडवेला होऊन म्हणाला, "पण काकाआजोबा, काम म्हणजे शांत, असे सुट्टीत तुम्हीच शिकवले होते ना?"

वाचकहो, यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पाच इंग्रजी शब्दांचे पाच रंग आम्ही हौसेने उलगडून दाखविले होते. पण फळ्याच्या मराठी बाजूला जो एकच शब्द होता, तो तसाच राहिला. नदी संथ असते, गढूळ पाणी निवळते, वादळ शमते, सभा स्तब्ध होते, पोर गप्प बसते, दुपार निवांत जाते, तगमग थांबते आणि आजारी माणूस स्वस्थ झोपतो, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नाही. 'शांत' या शब्दाच्या माथी आपल्या भाषेने वास्तुशांत आणि ग्रहशांत दिली, दिवा विझणे दिले आणि माणसाचे जाणेही दिले. अशुभ उच्चारावयाचे नाही म्हणून पूर्वजांनी त्यावर हे मऊ वस्त्र पांघरले. पुण्या-नाशिकच्या मुलाला हे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आपोआप कळते. आपल्या मुलांना शेजार निराळ्या भाषेचा. जो शब्द घरात उच्चारला गेला नाही, तो त्यांच्यापुरता मराठीत नाहीच.

दादा बरे झाले. दिवाळीत सारी मंडळी येथे आली. संध्याकाळी राजघाटावर बसलो असता आम्ही नातवाला विचारले, "काय रे, नदी कशी दिसते?"

"शांत," तो म्हणाला. मग जरा थांबून, आमच्याकडे भीतभीत पाहत, "नाही... संथ."

काठी टेकीत दादा म्हणाले, "तिला काय हवे ते म्हणा. मला मात्र इतक्यात शांत म्हणू नका!"