बोल गं आई

डमडमहून आईच्या नंबरवरून फोन आला. बोलणं मराठीच, पण हेल भलताच. मी विचारलं, “कोण बोलतंय?” पलीकडे शांतता.

पक्षाघातानंतर परतलेली तिची वाचा अशी होती. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूला इजा झाली की कधीकधी जीभ-ओठांचा मेळ, स्वरांची लांबी, चढउतार बदलतात. ऐकणाऱ्याला ते माणूस परमुलखातलं वाटतं. हा विकार दुर्मीळ आहे, पण सोंग नव्हे.

१९४१ साली नॉर्वेतल्या एका तरुणीच्या डोक्याला बॉम्बचा तुकडा लागला. पुढे तिचं बोलणं जर्मन वाटू लागलं. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. दुकानदार तिला सामान देईनात. खरं तर ती त्यांच्यातलीच होती.

आता फोन उचलताच मीच आधी म्हणते, “बोल गं आई.”