पडण्याची तालीम : एकलहऱ्याच्या वाटेवर

नाशिकरोड स्थानक मागे टाकून सिन्नर फाट्याजवळून एकलहऱ्याचा रस्ता धरला की गाव दिसण्याआधी गावाची चिमणी दिसते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मध्येच उसाचा फड, आणि या हिरव्या पट्ट्याच्या वर आकाशात रोवलेले ते उंच धुराडे. गोदावरीच्या काठचे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. औष्णिक वीज केंद्र आले आणि त्याचे नाव महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाले. १४० मेगावॅटचा पहिला संच १९७० साली सुरू झाला, दुसरा त्याच्या पुढच्या वर्षी. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. मोठे तिघे अजून कामावर आहेत.

यंत्रांचे हे वय सांगितले, ते माणसांच्या वयाचा हिशेब त्यातून सहज निघतो म्हणून. पहिला संच पेटला त्या वर्षी बाविसाव्या वर्षी कामावर रुजू झालेला तरुण आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. कोणी खानदेशातून आले, कोणी विदर्भातून, कोणी आसपासच्याच गावांतून. वसाहतीत संसार मांडले, मुले तेथल्याच शाळेत शिकली, आणि निवृत्तीनंतर अनेकांनी नाशिकरोड परिसरातच घर घेतले. एकलहऱ्याचे निवृत्त गृहस्थ भेटले की ओळख पटायला वेळ लागत नाही. बोलता बोलता ते बाष्पकाची आणि पाळीची भाषा बोलू लागतात.

या मंडळींच्या उमेदीच्या आयुष्यात ‘पडणे’ या शब्दाला फार मोठे स्थान होते. वीज केंद्र म्हणजे उंचीवरचे काम. बाष्पकाची इमारत अनेक मजले उंच. लोखंडी जाळीच्या जिन्यांवरून चढायचे, परांचीवर उभे राहायचे. डोक्यावर शिरस्त्राण आणि कमरेला सुरक्षा पट्टा. त्या पट्ट्याचा आकडा भक्कम आधारात अडकवल्याशिवाय उंचीवर हात चालवायचा नाही, हा दंडक. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३२ हेच सांगत असे की जेथून माणूस पडण्याची शक्यता आहे तेथे कठड्याची किंवा अन्य उपायाची तजवीज असली पाहिजे. तीस-पस्तीस वर्षे हा धडा गिरवून माणसे सुखरूप घरी आली.

आणि मग काय होते? असा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. वय त्र्याहत्तर. रात्री दीडला लघुशंकेसाठी उठतो, दिवा लावला तर पत्नीची झोपमोड होईल म्हणून अंधारातच चालतो. न्हाणीघराच्या दाराशी पायपुसणे सरकते. उंची म्हणावी तर साडेपाच फूट, म्हणजे त्याची स्वतःचीच. पडताना एक हात आपोआप पुढे जातो आणि मनगट मोडते. किंवा कुशीवर पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. पन्नास मीटरवर निर्धास्त चाललेला माणूस गुळगुळीत फरशीवर आडवा होतो.

हे चित्र कोणत्याही गल्लीत सापडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींपैकी रस्त्यावरील अपघातांखालोखाल मृत्यू पडण्यामुळे होतात. मृत्यूचा आकडा मोजता येतो. भीतीचा येत नाही. एकदा पडलेला माणूस दुसऱ्यांदा पडू नये म्हणून फिरायला जाणे सोडतो, मंदिराच्या पायऱ्या टाळतो, भिंत धरून पाय ओढत चालतो. त्यामुळे मांड्यांतील बळ उतरते, तोल आणखी बिघडतो आणि ज्याची भीती होती तेच पुन्हा घडते. घरातील मुले-सुनाही प्रेमापोटी ‘तुम्ही बसूनच राहा’ म्हणतात. ते प्रेम खरे असले तरी सल्ला चुकीचा असतो.

एकलहऱ्याच्या कामगाराला एक गोष्ट मात्र वेगळी सांगावी लागू नये. सुरक्षा पट्टा पडणे थांबवत नाही. पाय निसटायचा तेव्हा निसटतोच. पट्टा एवढेच पाहतो की निसटलेला माणूस जमिनीपर्यंत पोहोचू नये. पडणे गृहीत धरून केलेली ती व्यवस्था आहे. घरात आपण सगळी व्यवस्था पडू नये यासाठी करतो. दांडी बसवतो, रबरी चटई घालतो, रात्रीचा मंद दिवा लावतो. हे सर्व अवश्य करावे. पण ज्या दिवशी हे सारे असूनही पाय निसटेल, त्या अर्ध्या क्षणासाठी देहाजवळ कोणता पट्टा असतो?

जपानी ज्यूदोने याचे उत्तर दिले आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था स्थापन केली. तेथे नवख्याला प्रतिस्पर्ध्याला कसे पाडावे हे शिकवण्याआधी स्वतः कसे पडावे हे शिकवले जाते. या विद्येला ‘उकेमी’ म्हणतात; पडणाऱ्या देहाने आघात झेलणे, असा तिचा आशय. रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी या ज्यूदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले होते, तेव्हा आपल्या देशालाही ही विद्या अगदीच नवी नाही.

तिचे तत्त्व शाळेतल्या पदार्थविज्ञानाइतके सोपे आहे. एकाच बिंदूवर आणि एकाच क्षणी आघात झाला तर हाड मोडते. तोच आघात मोठ्या पृष्ठभागावर आणि थोड्या अधिक वेळात पसरला तर देह तो सोसतो. म्हणून मागे पडताना प्रथम हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या बेंबीकडे, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटत नाही. पाठ धनुष्यासारखी गोल करायची. गुडघे वाकवून देह जितका खाली नेता येईल तितका न्यायचा, कारण प्रत्येक वीतभर उंची कमी झाली की आघातही कमी होतो. हात मागे टेकवायचा नाही. कोपरापासून तळव्यापर्यंतचा सगळा हात शरीराच्या बाजूला तिरपा पसरून जमिनीवर पाडायचा. कुशीवर पडताना खुबा एकटा जमिनीला भिडू द्यायचा नाही; मांडी, कूस, खांदा अशा क्रमाने गडगडत जायचे. ताठ काठी पडते तेव्हा मोडते, गुंडाळलेली सतरंजी पडली तर नुसती लोळते, इतका हा फरक आहे.

हे तरुणांचे खेळ, वृद्धांचे काय, अशी शंका येणे रास्त आहे. नेदरलँड्समधील नायमेगन शहरातील संशोधकांनी ती गांभीर्याने घेतली. पूर्वी कधी पडलेल्या ११३ वृद्धांच्या अभ्यासात त्यांनी पाच आठवड्यांत दहा सत्रांचा एक क्रम आखला. अडथळ्यांच्या वाटेवरून चालणे, गर्दीत चालण्याचा सराव, आणि त्याच्या जोडीला युद्धकलेतून घेतलेले पडण्याचे तंत्र. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार हा क्रम केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी घटले. पडायला शिकलेली माणसे कमी पडू लागली, ही यातील खरी गंमत. पुढच्या वर्षी त्यांनी अनुभवी ज्यूदोपटूंना गुडघ्यांवरून कुशीवर पाडून मोजमाप केले, तेव्हा या तंत्राने खुब्यावरचा आघात पाव हिश्श्याहून अधिक कमी होतो असे आढळले. त्याआधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरीच्या पुढच्या २०० जणांचा अभ्यास झाला होता. त्यात चिनी ताई-ची या संथ युद्धव्यायामाने पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले होते.

इतक्या दूरचे दाखले देताना एकलहऱ्याच्या वाचकाला थोडी खंतही वाटावी, कारण याच गोदावरीच्या काठाने खाली गेले की निफाड तालुक्यात कोठुरे हे गाव आहे, आणि ते मल्लविद्येचे मोठे नाव आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभटदादा देवधर हे मूळचे तेथले. निजामाच्या पदरच्या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून ते वणीच्या सप्तशृंग गडावर गेले आणि तेथे त्यांना मल्लखांबाची विद्या स्फुरली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मल्लखांबाचा जीर्णोद्धार त्यांच्या हातून झाला, हे मात्र निर्विवाद आहे. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांनी तो वारसा आजवर चालवला आहे.

आपल्या तालमीतही पडणे हा दोष नव्हता, तो अभ्यासाचा भाग होता. तांबडी माती फावड्याने उकरून, ताक, तेल, हळद घालून मऊ केली जाई, ती माणसाने तिच्यावर पडावे म्हणूनच. कोलांटउडी ही तर प्रत्येक खेडेगावच्या पोराची पहिली उकेमी. आज साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांनी लहानपणी वाळूत, गवतात, कडब्याच्या गंजीवर शेकडो वेळा अंग झोकून दिलेले असते. मधल्या पन्नास वर्षांत खुर्ची, पलंग आणि मोटारीची बैठक यांनी ती सवय मोडली. जमीन परकी झाली, आणि परक्याची भीती वाटणारच.

जमिनीशी नाते टिकवण्याचे एक साधन जैन घरांत अद्याप आहे, आणि त्याकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. सामायिकासाठी कटासनावर बसणे, वंदनेत दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक ही पाच अंगे भूमीला लावून पुन्हा उभे राहणे. ही क्रिया धर्मभावनेची आहे, व्यायाम म्हणून ती कोणी करत नाही. तरीही ती नित्य करणाऱ्याचे गुडघे आणि मांड्या जमिनीवर जाण्याची व तेथून उठण्याची वाट विसरत नाहीत. ब्राझीलमधील एका अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना फक्त जमिनीवर बसून उठायला सांगितले होते. ज्यांना त्यासाठी हातागुडघ्यांचा आधार कमी लागला, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तो अहवाल २०१२ चा. गुडघे दुखू लागताच खुर्चीवरच्या सामायिकाकडे वळण्यापूर्वी हे आठवावे. साधू-साध्वींची ईर्यासमिती, म्हणजे पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे, ही तर जीवदयेसाठी आहे. पण बोलत बोलत, भ्रमणध्वनी पाहत जिना उतरणाऱ्या श्रावकाने तिचा एक अंश उचलला तरी त्याच्या स्वतःच्या हाडांवरही दया होईल. दुसरी एक सावधगिरी उपवासाची. चौविहार उपवासानंतरच्या पहाटे अंगातले पाणी कमी झालेले असते. त्यातून रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर झटकन उठताच भोवळ येऊ शकते. त्या पहाटे आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे, आणि मगच उभे राहावे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. वरील वर्णन वाचून कोणी घरच्या फरशीवर प्रयोग करू नये. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, ज्यांच्या खुब्याची वा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना वारंवार चक्कर येते, त्यांनी वैद्यांच्या अनुमतीवाचून यात पडू नये. नायमेगनच्या संशोधकांनीही ठिसूळ हाडे असणाऱ्यांसाठी कडक अटी सांगितल्या आहेत : खुब्याला संरक्षक गादी बांधलेली, खाली जाड गादी, आणि उभ्याने पुढे पडणे पूर्णतः वर्ज्य. शिक्षकही ज्यूदो जाणणारा आणि वृद्धांची नाडी ओळखणारा हवा. वीस वर्षांच्या मुलांना पाडण्यात तरबेज असलेला प्रत्येक जण सत्तरीच्या विद्यार्थ्याला शिकवू शकेलच असे नाही.

अशा तालमीला लागते तरी काय? एक मोकळी खोली, चार जाड गाद्या, भिंतीला लागून दोन खुर्च्या. एकलहऱ्यासारख्या ठिकाणी शिस्त आयती आहे. जी माणसे पट्ट्याचा आकडा दोनदा तपासल्याशिवाय शिडी चढली नाहीत, ती हनुवटी छातीला लावण्याचा नियम एका दिवसात उचलतील. फक्त त्यांना हे सांगणारे कोणी हवे, आणि पहिल्या दिवशी हसू आले तर हसू देणारे.

पहिल्या आठवड्यात कोणी कोणाला पाडत नाही. गादीवर उताणे झोपायचे, हनुवटी छातीकडे, मान पाच मोजेपर्यंत उचलून धरायची. मग उठण्याचा क्रम. कुशीवर वळणे, कोपर टेकणे, दोन्ही हात-गुडघ्यांवर येणे, जवळची खुर्ची धरून एक पाऊल पुढे रोवणे, उभे राहणे. थोडे थांबून श्वास घ्यायचा, आणि पुन्हा गादीवर जायचे.