पदपथावरील संसार

गृहिणी जेथें तेथें घर, ही आपल्याकडील फार जुनी धारणा होय. ती खरी मानावी, तर मुंबईंत भायखळ्याहून पूर्वेस माझगांवच्या गोदीकडे चालणाऱ्या प्रवाशानें 'बेघर' हा शब्द एकवार तपासून घ्यावा. त्या बाजूच्या पदपथांवर, भिंतीला बांधलेल्या ताडपत्रीखालीं, घासून लख्ख केलेलीं भांडीं, पाण्याचा हंडा, चूल आणि मुलांचीं दप्तरें आम्हीं पाहिलीं. दाराच्या जागीं जुन्या लुगड्याचा पडदा होता; पण त्याच्यापुढील फरशी झाडून स्वच्छ केलेली होती.

शिरगणतीची भाषा निराळी आहे. जो उघड्यावर, पुलाखालीं किंवा रेल्वेच्या फलाटावर निजतो, त्यासच ती बेघर म्हणते. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीं अशा लोकांची मोजणी झाली, तेव्हां देशांत ते सुमारें १७ लाख ७३ हजार व बृहन्मुंबईंत ५७ हजारांवर भरले. ज्यांनीं डोक्यावर कसेंबसें छप्पर केलें आहे, ते बहुधा या संख्येबाहेरच राहतात.

हे लोक येथेंच कां राहतात? आळसामुळें, असें पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. गोदी, बाजार, बांधकामें आणि आपलीं घरें हीं त्यांच्या कामाचीं ठिकाणें. दूरच्या उपनगरांत खोली घेतली, तर भाडें व गाडीखर्च यांतच मजुरी सरते. कामावर पायीं जातां यावें, एवढ्यासाठीं माणूस पदपथ पत्करतो.

१९८१ च्या जुलैंत, भर पावसाळ्यांत, सरकारनें या झोपड्या मोडून लोकांस गांवीं धाडण्याचें ठरविलें. ओल्गा टेलिस या पत्रकार बाई व कांहीं पदपथवासी न्यायालयांत गेले. १० जुलै १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड या मूळच्या पुणेकरांनीं लिहिला. जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो, हें त्यांनीं निःसंदिग्धपणें सांगितलें. मात्र पदपथ अडविण्याचा हक्क कोणासही नाहीं, रीतसर सूचना देऊन झोपड्या हलवितां येतील, असेंही सांगितलें. तत्त्व मिळालें, जागा मिळाली नाहीं.

पुढील वर्षीं भायखळ्याच्या पदपथांवरील बायकांनीं 'महिला मिलन' ही संघटना उभारली. त्या थोडी थोडी बचत करूं लागल्या. घर कसें हवें हें ठरविण्यासाठीं त्यांनीं पुऱ्या मापाचे नमुने उभे केले. त्यांतील कांहीं कुटुंबांस कालांतरानें मानखुर्दला पक्कीं घरें मिळालीं. जुन्या धारणेची याहून चांगली साक्ष कोणती?

उरलेल्यांचें काय? २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें दर लाख वस्तीस निदान १०० माणसांचा एक कायम निवारा असावा, असें प्रमाण घालून दिलें. २०११ च्या गणनेप्रमाणें मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख. त्रैराशिकानें सव्वाशें निवारे हवेत. प्रत्यक्षांतील संख्या अद्याप फार मागें आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस आणखी एक गोष्ट सहज पटेल. नवरा एका निवाऱ्यांत आणि बायकामुलें दुसऱ्यांत, अशी वांटणी होणार असेल, तर कोणती गृहिणी आपली चूल सोडून तेथें जाईल? निवारा कामाजवळ असावा आणि त्यानें संसार फोडूं नये, एवढी मागणी नगरपालिकेकडे आपणच केली पाहिजे. आपलीं भांडीं घासून जी बाई संध्याकाळीं निघून जाते, ती रात्रीं कोठें निजते, हें विचारण्यापासून त्या कामास आरंभ करतां येईल.