सनद नाकारलेला वकील

युसूफ मेहेरअली हे नाव मुंबईत एका रस्त्याला आहे. भिवंडीचे आपले व्यापारी मालासाठी मसजिद बंदरला जातात, तेव्हा त्या रस्त्याने हमाल आणि हातगाड्या चुकवत पुढे सरकतात. पाटीकडे पाहायला सवड कुणाला असते? आम्ही वर्गात विचारलं, “‘छोडो भारत’ हा नारा कोणी दिला?” बहुतेक मुलांनी गांधीजींचं नाव घेतलं. दोघांनी नेहरूंचं घेतलं. मेहेरअलींचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही.

मरहूम मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ चा, मुंबईतल्या सधन खोजा व्यापारी घराण्यातला. पेढीवर बसले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. पण हा माणूस धाडसाचा भुकेला होता.

३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होतं. या कमिशनमध्ये एकही हिंदी माणूस नव्हता. मेहेरअली तेव्हा चोवीस वर्षांचे, कायद्याचे विद्यार्थी. त्यांनी आणि युथ लीगच्या पोरांनी बेत आखला की होड्या घ्यायच्या, समुद्रात शिरायचं आणि बोट धक्क्याला लागण्याआधीच साहेबांना निषेध ऐकवायचा. आमच्या कशेळीच्या खाडीत रेतीच्या होड्यांवर राबलेल्या माणसाला हे काय प्रकरण आहे ते लगेच कळेल. भरतीच्या पाण्यात छोटी होडी घेऊन मोठ्या जहाजाजवळ जाणं म्हणजे जिवाशी खेळ! बेत फुटला, पोलिसांनी होड्यांची वाट अडवली. तेव्हा या मंडळींनी हमालांचे कपडे चढवले आणि हमाल बनून थेट धक्क्यावर पोहोचले. तिथे काळे झेंडे आणि ‘सायमन, गो बॅक’चा नारा. लाठ्या पडल्या. मुंबईच्या धक्क्यावरचा तो नारा पुढे देशभर गेला.

त्याची किंमत लवकरच वसूल झाली. १९२९ साली कायद्याची पदवी हातात आली, पण राजकारणात भाग घेतो म्हणून हायकोर्टाने वकिलीची परवानगी नाकारली. शिकलेला वकील बिनसनदेचा राहिला. मग मिठाचा सत्याग्रह, तुरुंग, पुन्हा तुरुंग. १९३४ मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन अशा साथीदारांबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाची उभारणी. १९४२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते मुंबईचे महापौर झाले. गांधीजी आंदोलनासाठी घोषणा शोधत होते, तेव्हा ‘क्विट इंडिया’ हे दोन शब्द मेहेरअलींनी पुढे केले आणि बापूंनी ते पसंत केले, अशी आठवण शांतिकुमार मोरारजींनी नोंदवली आहे. ऑगस्टमध्ये महापौरच गजाआड गेले.

आम्हाला मात्र सगळ्यात मोठी हिंमत दिसते ती तुरुंगातली. तिथे त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने सेंट जॉर्ज इस्पितळात उपचार देऊ केले. त्यांनी आणखी दोन आजारी कैद्यांची नावं सांगितली आणि त्यांनाही हीच सोय मिळावी, असं म्हटलं. सरकारने मानलं नाही, म्हणून त्यांनीही ती घेतली नाही. या जागी लाठी नव्हती, नारा नव्हता, बघायलाही कोणी नव्हतं. १९४३ मध्ये सुटले ते खचलेली तब्येत घेऊनच. २ जुलै १९५० रोजी इंतकाल झाला. वय शेहेचाळीस.

हे सगळं सांगायला निमित्त झालं आमचा एक जुना विद्यार्थी. तो आता कायदा शिकतो. गेल्या महिन्यात त्याची अम्मी शाळेत आली. म्हणाली, “सर, तुमचं ऐकतो तो. सभा, मोर्चे, सगळीकडे पुढे असतो. एखादी केस लागली तर काय करायचं? सनद हातात येईपर्यंत तरी गप राहायला सांगा.”

तिची भीती खोटी आहे, असं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावं? मुलाच्या फीसाठी त्या घरातले दोन लूम विकले गेले आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे.

जुम्याच्या नमाजनंतर त्याला बोलावलं. मेहेरअलींची हकीकत सांगितली, होड्यांपासून इस्पितळापर्यंत. नाकारलेल्या परवानगीचा भागही गाळला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “सर, मग त्यांचं घर कसं चाललं?”

“घरचे व्यापारी होते,” आम्ही म्हणालो.

“आमचं तसं नाही,” तो म्हणाला.

बाहेर पुलावर गोदामांच्या ट्रकांची रांग लागली होती. मोर्चाला जा किंवा जाऊ नको, यातलं काहीच आम्ही त्याला सांगितलं नाही. परीक्षेचा फॉर्म भरलास का, एवढं विचारलं. भरला होता. पनवेलच्या पुढे तारा गावात मेहेरअलींच्या नावाचं सेंटर आहे. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना तिथे न्यायचं आमच्या मनात आहे. तो म्हणाला, मीही येतो, अम्मीलाही आणतो.