बंदुकीची सबब

आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्याच्या माथी ठेवण्यात मनुष्याइतका कुशल प्राणी दुसरा नसेल. आणि तो दुसरा जर निर्जीव असला, तर मग सोन्याहून पिवळे! तो बिचारा तक्रार करीत नाही. म्हणून तर नाचता न येणाऱ्याचे अंगण वाकडे असते आणि नापास होणाऱ्याची प्रश्नपत्रिका अवघड असते. आम्ही स्वतः चाळीस वर्षे एक दोष एका जुन्या बंदुकीच्या माथी ठेवून निश्चिंत होतो. ती निश्चिंती गेल्या दिवाळीच्या सुटीत करंजास आमच्या भाच्याने घालवली.

करंजा हे उरणच्या टोकाशी वसलेले कोळ्यांचे जुने गाव. पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर, पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे रेवस. ताईच्या घराच्या मागील दारी उभे राहिले, की बांबूंवर ताणलेल्या दोरांवर वाळणारे बोंबील दिसतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचा वासही येतो. आम्ही पोहोचलो तेव्हा चिरंजीव याच अंगणात नवी छर्ऱ्याची बंदूक घेऊन उभे होते आणि त्यांची मुद्रा अत्यंत खिन्न होती.

"मामा, मला फसवले. डब्यावर सेकंदाला हजार फूट वेग लिहिला आहे, आणि दहा पावलांवरची बशी लागत नाही!"

इतकी जोरकस बंदूक का घेतली, असे विचारता तो म्हणाला, "जितका जोर अधिक, तितका नेम चांगला." हा भ्रम त्याच्या एकट्याचा नव्हे. जो मोठ्याने बोलतो तोच खरे बोलतो, असे मानणाऱ्या जगात तो साहजिकच आहे. परवान्यावाचून ठेवता येणाऱ्या हवाई बंदुकीस 2016 च्या शस्त्र नियमांनी मर्यादा घातली आहे: नळीचा व्यास साडेचार मिलिमीटर आणि ऊर्जा 20 ज्यूल, याहून अधिक नाही. भाच्याची बंदूक त्या मर्यादेच्या काठाशी येऊन थांबलेली होती.

विषय आमचा नव्हे. परंतु लहानपणी घरात अशी बंदूक असल्यामुळे तिच्या चार खोडी आम्हांस ठाऊक होत्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही केवळ एक लाकडी खोके जुन्या वर्तमानपत्रांनी गच्च भरले, ते भिंतीला टेकवून ठेवले आणि त्यावर कागद लावला. मागे वाट नाही, माणूस नाही, याची खात्री केल्यावाचून चाप ओढावयाचा नाही, हा पहिला नियम घातला. दुसरा नियम, शिशाला लागलेले हात धुतल्यावाचून फराळाला शिवावयाचे नाही. हा दुसरा नियम चिरंजीवांस अधिक जाचक वाटला.

मग छर्ऱ्यांची पाळी आली. छर्रा दिसतो क्षुद्र, पण त्याची घडण विचारपूर्वक केलेली असते. डोके भरीव, कंबर बारीक आणि मागील घेर पोकळ. हवेचा दाब त्या पोकळ घेरास फुलवून नळीतील आट्यांत घट्ट बसवतो, त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्ऱ्यास फिरकी मिळते. पुढे वजन आणि मागे घेर असल्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे तोंड पुढे करूनच जातो. डब्यावरचा तो हजार फुटांचा वेग बहुधा अतिशय हलक्या छर्ऱ्याने मिळवलेला असतो. आणि वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरांजवळ जाऊ लागला, की छर्रा डगमगतो. आम्ही हलके, मध्यम आणि जड असे तीन प्रकार आणवले व प्रत्येकाचे दहा दहा बार एकाच जागी बसून काढले. हलक्यांनी कागदभर कांजिण्या उठवल्या. जड छर्रे बरेच जवळ पडले. मध्यम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमाहून किंचित अधिक वजनाच्या छर्ऱ्यांची भोके सर्वांत जवळ आली. त्याच वजनाचे दुसऱ्या घडणीचे छर्रे मात्र पुन्हा विखुरले. नळी आणि छर्रा यांचे जमते की नाही, हे पत्रिका पाहून कळत नाही. संसार करूनच पाहावा लागतो.

तिसऱ्या दिवशी बंदुकीची डागडुजी झाली. दस्त्याचे स्क्रू ढिले होते, ते आवळले. चिरंजीवांनी उत्साहाने आत बरेच तेल ओतले होते. दट्ट्याने हवा दाबताच ती तापते, ते तेल पेटते आणि मोठा आवाज होतो. त्या आवाजास तो जोर समजत होता. वस्तुतः त्यामुळे प्रत्येक बाराचा वेग निराळा होई. तेल पुसून काढले. शेवटचा दोष मात्र त्याच्या हाताचा निघाला. स्प्रिंगची बंदूक छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच पुढेमागे उसळते. तिला करकचून आवळले, की ती दर वेळी निराळी उसळते. उघड्या तळव्यावर सैल टेकवली, की दर वेळी सारखीच. चौथ्या दिवशी दहा मीटरांवरची पाच भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

"आता चुकणे शक्य नाही!" भाचा म्हणाला, आणि त्याने सहज मान वळवली. खाडीकाठच्या बांबूवर एक खंड्या बसला होता. ऊन त्याच्या निळ्या पाठीवर पडले होते. भाचा काही बोलला नाही; बंदूक मात्र किंचित वर आली.

आमच्या बालपणीच्या पराक्रमाची कथा त्याने अनेकदा ऐकलेली होती: तीस पावले, एक छर्रा, एक खंड्या. कथेचा उत्तरार्ध आम्ही कोणास सांगितला नव्हता. तो त्या क्षणी सांगितला. तो पक्षी लगेच मेला नाही. एक पंख पसरून तो संध्याकाळपर्यंत विहिरीच्या काठी धडपडत होता, आणि आम्ही बारा वर्षांचे वीर त्याच्याजवळ जाण्यास भीत होतो. घरी विचारणा झाली तेव्हा आम्ही म्हणालो, "बंदूक वाकडी मारते, लागेल असे वाटले नव्हते." हे खरेही होते, म्हणूनच ते इतकी वर्षे उपयोगी पडले.

"कायद्यानेही त्यास मारणे गुन्हा आहे," आम्ही पुढे म्हणालो. "परंतु कायद्याचे राहू दे. तुझी बंदूक आता सरळ मारते. तुला ती सबब उरलेली नाही."

बंदूक खाली आली. खंड्या पाण्यात सूर मारून निघून गेला. त्याच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते.

परतताना आम्ही भाच्यास पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत नेले. तेथे सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत प्राथमिक फेरीत त्यांनी 400 पैकी 400 गुण मिळवले. म्हणजे चाळीस छर्रे, आणि चाळीसही दहाच्या वर्तुळात. दहा मीटरांवरच्या त्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि तेथल्या रायफलींची ऊर्जा आठ ज्यूलांच्या आसपास, म्हणजे चिरंजीवांच्या बंदुकीच्या निम्म्याहूनही कमी. हे नेमबाज आपापल्या नळीस मानवणारे छर्रे पारखून घेतात आणि यंत्रातील एकेक दोष काढून टाकतात. मग शेवटी दोष राहण्यास एकच जागा उरते, आणि तेथे ते स्वतः उभे असतात.

भाचा बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, माझी बंदूक फार जोरकस आहे, नाही?"

आम्ही होय म्हणालो. आमच्या लहानपणीची बंदूक तितकी जोरकस नव्हती, आणि आता आठवते त्याप्रमाणे फारशी वाकडीही नव्हती.