गाडीला कूळकायदा नाही



लावणी आटोपली. नदीकडच्या दोन खाचरांत पाणी तुंबलं होतं, ते परवा उतरलं. रोप तगलंय. पाऊस जरा उघडल्याशिवाय युरिया टाकत नाही, म्हणून आज शेताचं राहू द्या, गाडीचं लिहितो. मागच्या महिन्यात चार-पाच जणांनी विचारलं, "आबांची बोलेरो धाकट्याच्या नावावर कशी काय केलीत? थोरला तर तू." एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथं लिहिलेलं बरं.

आबा चैत्रात गेले. आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण. गाडी आबांनी हौसेनं घेतली होती, नंबर कल्याणचा, एमएच ०५. घेतली तेव्हा ते स्वतः चालवायचे. पुढे डोळे कमी झाले, लायसन्सची मुदत संपली, त्यांनी पुन्हा काढलं नाही. गेली काही वर्षं गाडी धाकटाच चालवतो. सकाळी शेत आणि दुपारी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत नोकरी. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री घरी. मी लग्नाकार्याला, नाहीतर उल्हासनगरला बहिणीकडे जायचं असेल तर नेतो, तेवढंच.

तेराव्यानंतर आठवडाभरात भावकीत विषय निघाला, की आता गाडी थोरल्याच्या नावावर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रीतच तशी. पण आमच्या घरातल्या धाकट्या सुनेनं माझ्या बायकोला एक प्रश्न विचारला आणि सगळी चर्चा तिथंच थांबली. ती माझ्याशी थेट फारशी बोलत नाही. बायकोला म्हणाली, "ताई, गाडी कुणाच्या का नावावर होईना. पण रात्री साडेअकराला ती घेऊन येतात हे. उद्या काही झालं तर विम्याचे पैसे कुणाला मिळणार?"

याचं उत्तर घरात कुणाकडे नव्हतं. मी दोन-तीन ठिकाणी विचारलं. वकिली करणारा एक शाळकरी मित्र आहे, त्याच्याकडे दोन संध्याकाळी बसलो. जे कळलं ते असं.

आधी आपल्या भाषेत सांगतो. आमची जमीन आजोबांना कूळ म्हणून मिळालेली. सातबारा सावकाराचा, नांगर आजोबांचा. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि जो कसत होता तो मालक झाला. ३२ म चं सर्टिफिकेट अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यामुळे आमच्या डोक्यात पक्कं बसलंय की जो राबतो, ज्याची वहिवाट, त्याचा काहीतरी हक्क लागतोच. सातबाऱ्याचाच कागद बघा ना. सात नंबरात मालक कोण ते असतं आणि बारा नंबरात पीक काय आहे ते. कसणाऱ्यासाठी कागदात जागा आहे.

गाडीच्या कागदात अशी जागाच नाही. मोटार वाहन कायद्यानं मालकाची व्याख्या करून ठेवलीय, की ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. मालक अज्ञान असेल तर त्याचा पालक, आणि गाडी कर्जावर असेल तर करारानं ताबा ज्याच्याकडे तो. बस. वीस वर्षं तुम्ही चालवा, डिझेल तुमचं, टायर तुमचे, हप्ते तुम्ही भरलेले असोत, आरसी बुकात नाव नसेल तर तुम्ही नुसते चालवणारे.

चालवायला आडकाठी नाही हेही सांगतो, कारण त्यातच लोक गोंधळतात. आपल्याकडे विमा गाडीला असतो. मालकाच्या परवानगीनं चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलं, की समोरच्याला झालेली इजा आणि गाडीचं नुकसान, दोन्ही पॉलिसीप्रमाणे मिळतं. धाकट्यानं आबांची गाडी चालवली यात काही गैर नव्हतं. अडचण वेगळी आहे. गाडी चालवणारा स्वतः गेला किंवा जायबंदी झाला तर काय?

त्यासाठी पॉलिसीत एक भाग असतो, मालक-चालकाचा अपघात विमा. २०१८ पासून तो १५ लाखांचा आहे. पण तो मिळायला आरसीवर नाव त्याचं, पॉलिसीवर नाव त्याचं, आणि चालू लायसन्सही त्याचंच हवं. तिन्ही एकाच माणसाचं. आबांचं लायसन्स संपल्यावर आमच्या पॉलिसीतून हा भाग निघालाच होता. धाकट्याला तो लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी माझ्या नावावर केली असती तर १५ लाखांचं संरक्षण मला मिळालं असतं, जो महिन्यातून दोनदा गाडीला हात लावतो. आणि रोज रात्री काटई-कर्जत रस्त्यानं येणारा उघडाच राहिला असता.

मित्रानं एक निकाल सांगितला, तो डोक्यातून जात नाही. कर्नाटकातला एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन निघाला. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी होती. ती अचानक थांबली, हा आदळला आणि गेला. बायकोनं भरपाई मागितली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी येतो, आणि चूक सिद्ध न करता भरपाई देणारं जे कलम तेव्हा होतं त्याखाली मालकाला स्वतःच्याच गाडीबद्दल भरपाई नाही, म्हणून यालाही नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळतं का ते बघायला प्रकरण परत हायकोर्टात पाठवलं. म्हणजे बघा, जबाबदारीच्या वेळी तो मालकाच्या जागी, आणि हक्काच्या वेळी मालक नव्हे. पॉलिसी काढताना ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगत नाही.

पुतणीचा नवरा इंग्लंडात आहे. फोनवर त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "काका, आमच्याकडे तर तीन नावं." मालक वेगळा असू शकतो, नोंदणीतला रजिस्टर्ड कीपर वेगळा. त्यांच्या आरसीसारख्या कागदावर छापलेलंच असतं, की हा मालकीचा पुरावा नव्हे. आणि विमा कंपनी वर विचारते, मुख्य चालवणारा कोण? पोराचा हप्ता जबर येतो म्हणून बाप स्वतःला मुख्य चालक दाखवतो, गाडी पोरगा फिरवतो. पकडलं गेलं तर पॉलिसी रद्द. आपल्याकडे तो तिसरा प्रश्न कंपनी विचारत नाही. म्हणून तो घरातच विचारावा लागतो, जसा धाकट्या सुनेनं विचारला.

आता विकलेल्या गाड्यांचं. आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जमिनीचे पैसे आले तशा गाड्या आल्या, आणि त्या हातोहात फिरल्याही. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घ्यायचं, किल्ली द्यायची, "नाव नंतर करू". २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे आणखी हातांत गेलेली, २००९ मध्ये अपघात होऊन एक मुलगा गेला. भरपाईची जबाबदारी कुणावर? ज्यानं सगळ्यात आधी विकली त्याच्यावर, कारण आरसीवर नाव अजून त्याचंच. कायद्यानं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते नुसतं घेणाऱ्याच्या सोयीसाठी नाही.

घेणाराही सुटत नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं अशीच स्टॅम्पवर गाडी घेतली होती. २७ जुलै २०१९ आठवतोय ना? बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी होती आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढले, तो दिवस. उल्हास नदीनं २६ जुलै २००५ ची आठवण करून दिली. सोसायट्यांच्या खाली गाड्या टपापर्यंत बुडाल्या, त्यात याचीही. विमा होता, फुल होता. पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर. कंपनी याला म्हणाली, तुम्ही आमचे कुणी नाही. जुना मालक म्हणाला, मी गाडी विकली, मी कशाला सही करू? गाडी शेवटी भंगाराच्या भावात गेली.

यातली मेख अशी, की गाडी हस्तांतर झाली की कलम १५७ प्रमाणे तिसऱ्या पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. रस्त्यावरच्या माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. जुन्याचा नो क्लेम बोनसही मिळत नाही, फरक भरावा लागतो. तो बोनस माणसाचा असतो. मात्र मालक वारला आणि गाडी बायको, मुलं किंवा आईवडलांकडे राहिली, तर तो वारसाला मिळतो. आम्हाला मिळाला.

मालक वारल्यावरची मुदत वेगळी. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, मग तीन महिने गाडी वापरता येते, त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. विम्याचंही जवळपास तसंच. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, जे आधी येईल ते. ही दोन ऑफिसं वेगळी. एकात झालं म्हणजे दुसऱ्यात आपोआप होत नाही. चैत्रातून तीन महिने मोजले की आलाच आषाढ, आणि आमचं घर नदीकाठी. पाणी चढायच्या आत काम उरकायचं होतं.

बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. माझी होतीच. बहिणीचं प्रतिज्ञापत्र एका टायपिंगवाल्याकडून करून घेतलं आणि सहीआधी वाचून घे म्हणून उल्हासनगरला तिच्याकडे पाठवलं. रात्री तिचा फोन. आवाज घट्ट.

"दादा, हे गाडीचं आहे ना?"

"गाडीचंच."

"मग यात स्थावर कशाला आलंय?"

टायपिंगवाल्यानं त्याच्याकडचा तयार मजकूर उचलला होता, "मयताच्या सर्व स्थावर व जंगम मिळकतीवर माझा कोणताही हक्क नाही." एका गाडीच्या कागदात सगळी जमीन. आपल्या भागात बहिणींकडून कशा कशा सह्या घेतल्या गेल्यात हे मी वेगळं सांगायला नको. गुंठ्याचा भाव ज्यानं ऐकलाय त्याला ते माहीत आहे. ती दोन मिनिटं गप्प होती. मीही काही बोललो नाही, कारण अशा वेळी शपथा घेऊन काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि धाकटा दोघंही गेलो, तिच्या मुलासमोर नवा मजकूर लिहिला. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, आणि "फक्त या वाहनापुरते" हे शब्द. तिनं दोनदा वाचला आणि सही केली. मग जेवायला वाढलं. पहिला कागद तिनं फाडला नाही. घडी घालून कपाटात ठेवला. ठेवू दे.

गाडी धाकट्याच्या नावावर झाली. पॉलिसी त्याची, १५ लाखांचा भाग त्याचा, नॉमिनी त्याची बायको. आता मी ती गाडी नेली तर मी मागून नेणारा, म्हणजे त्या बैलगाडीच्या गोष्टीतला माणूस. म्हणून मी स्वतःसाठी वेगळी अपघात पॉलिसी घेतली. ती माणसाची असते, कुठल्याही गाडीत, बांधावरून घसरलो तरी चालते. ज्यांच्या घरी अजून म्हाताऱ्याच्या नावावर गाडी आहे त्यांनी म्हातारा असतानाच विचार करा. २०२१ पासून आरसीतही नॉमिनी नोंदवता येतो, पुढचं काम हलकं होतं.

सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय. तिथं तिघांची नावं लागतील. बहिणीचं नाव अर्जात दुसरं लिहिलंय, कारण वयानं ती धाकट्याच्या आधीची. फेरफार मंजूर झाला की उतारा पहिला तिला पाठवायचा आहे, तिनं तसं सांगूनच ठेवलंय.